अठराव्या वर्षानंतरचा आधार

आपल्या घरातील मूल अठरा वर्षांचे झाले, की त्याला मतदानाचा हक्क मिळतो, वाहन चालविण्याचा परवाना काढता येतो. पण त्याचे ताट, त्याची गादी आणि आजारपणात त्याच्यासाठी रात्री उठणारी माणसे तीच राहतात. बालगृहात वाढलेल्या मुलांसाठी मात्र अठरावा वाढदिवस ही बहुधा निरोपाची तारीख असते. ज्या वयात आपली नातवंडे मोजे शोधण्यासाठीही आईला हाक मारतात, त्या वयात या मुलांना खोली, नोकरी, स्वयंपाक आणि एकटेपणा हे सारे एकाच आठवड्यात सामोरे येते.

कायद्याला याची जाणीव आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्थेबाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. अनुरक्षणाचा, म्हणजे पश्चात देखभालीचा लाभ २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत मिळू शकतो. ‘मिशन वात्सल्य’ योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले. या वाटा चालायच्या, तर प्रमाणपत्रे हवीत, अर्ज हवेत, पुन्हापुन्हा चौकशी हवी. आणि त्यासाठी सोबत कोणीतरी हवे.

निवृत्तीनंतर काही वर्षे मी मुलींच्या एका बालगृहात दहावीचे गणित शिकवीत असे. तेथील एक विद्यार्थिनी अठरा पूर्ण झाल्यावर रुग्णसेवेचे प्रशिक्षण घेऊ लागली आणि दोन मैत्रिणींसह भाड्याच्या खोलीत राहू लागली. शंभर जणींच्या आमटीला किती डाळ लागते, हे तिला ठाऊक होते. तिघींच्या आमटीला किती, हे विचारायला तिने मला फोन केला. रात्री झोप लागत नाही, अशी तिची तक्रार होती. चाळीस खाटांच्या दालनात वाढलेल्या मुलीला शांततेचीच भीती वाटत होती. झोपेसाठी औषध शोधण्यापूर्वी मी एवढेच ठरविले, की रोज रात्री साडेनऊला आपण पाच मिनिटे बोलायचे. महिनाभरात तिची झोप बरीच सुधारली.

त्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. रुग्णालयातील डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले : घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब? लहानपणी कोणते आजार झाले? कशाची ॲलर्जी? प्रत्येक प्रश्नाला ती एकच उत्तर देत होती, “माहीत नाही.” डॉक्टर सहृदय होते, पण चौथ्या वेळी तिचा आवाज लहान झाला. आपल्या कुळाचा आजारही ठाऊक नसणे हे केवढे मोठे अनाथपण आहे, ते मला त्या दिवशी उमगले. पुढे अर्जावर ‘जवळच्या नातेवाइकाचे नाव’ हा रकाना आला. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “माझे लिही.” नात्याच्या जागी काय लिहावे, असे तिने विचारले नाही, ‘काकू’ असे लिहिले आणि फोन क्रमांक न पाहता भरला.

ती बरी झाल्यावर आम्ही दोघींनी एक वही केली. रक्तगट, संस्थेच्या नोंदींतून मिळालेले लसीकरण, डेंग्यूची तारीख, रक्ततपासणीचे अहवाल, तिला न मानवणारी एक गोळी, असे सर्व त्यात लिहिले. कुटुंबाचा आरोग्य-इतिहास तिला मागे वळून मिळणार नव्हता. तिच्यापासून पुढे मात्र तो लिहिता येणार होता.

आपल्या वाचकांपैकी अनेकांकडे वेळ आहे, अनुभव आहे आणि संध्याकाळी बोलायला माणूस नाही. या मुलांना पैशाइतकीच अशा माणसांची गरज असते. मात्र हे काम जिल्हा महिला व बालविकास कार्यालय किंवा संस्थेचे अधीक्षक यांच्यामार्फत, रीतसर ओळख देऊनच करावे. आठवड्यातून एक फोन जमणार असेल, तर एकाचेच वचन द्यावे आणि ते पाळावे. मोडलेली वचने या मुलांनी पुष्कळ पाहिलेली असतात. बँकेत, दवाखान्यात, घरमालकाकडे बरोबर जावे, पण बोलणे त्यांनाच करू द्यावे. भूतकाळ खोदून विचारू नये. ती सांगतील तेव्हा ऐकावे. मदतीच्या मोबदल्यात घरकामाची अपेक्षा तर कधीच ठेवू नये. कृतज्ञतेच्या ओझ्याखाली मूल स्वावलंबी होत नाही, मिंधे होते.

आणि सणाला बोलवावे. दिवाळीच्या चार दिवसांत वसतिगृहे रिकामी होतात, खानावळी बंद असतात. त्या दिवसांत जायला एक दार असणे, ही या मुलांच्या मनःस्वास्थ्याची फार मोठी गरज आहे.

ती आता एका दवाखान्यात काम करते. मागच्या महिन्यात माझ्या रक्तदाबाची नोंद घेऊन तिने मला रागे भरले, लोणचे बंद केले आणि वहीत माझ्यासाठी एक नवे पान उघडले.