कागदावरची वाकळ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंतील पांचवीच्या एका मुलीनें मला भर वर्गांत विचारलें, "बाई, तुम्ही गणित शिकवितां तें ठाऊक आहे, पण घरीं तुम्ही वाकळी काढतां म्हणतात, म्हणजे काय करतां?" 'शिवतां' असें न म्हणतां तिनें 'काढतां' म्हटलें, तें अगदीं यथार्थ होतें. मी वाकळी शिवीत नाहीं. निदान चांगल्या शिवीत नाहीं. मी चौकटींच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनीं त्यांचे नमुने काढतें, आणि त्यांबरहुकूम आमच्या गांवांतील वीस-बावीस बायका त्या शिवितात. शाळेचें काम सांभाळून हा उद्योग मी आज सोळा वर्षें करीत आहें. त्या मुलीला घंटा झाल्यामुळें पुरतें उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देतें.

ज्या वस्तूला पुण्या-नाशिकाकडे गोधडी म्हणतात, तिलाच आमच्या कृष्णाकांठीं वाकळ हें नांव आहे. माझी आजी दरसाल उन्हाळ्यांत एक वाकळ घाली. अंगणांत सारवलेल्या जागेवर एक जुनें इरकली लुगडें दुमडून अंथरावयाचें, चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, असें जें जड मिळेल तें ठेवून तें ताणावयाचें, त्यावर घरांतील जुनेराचे तुकडे मांडावयाचे, आणि मग आजीनें एका बाजूनें व शेजारणीनें दुसऱ्या बाजूनें धांवदोरा घालीत मध्याकडे सरकावयाचें. मोजमाप म्हणजे वीत आणि बोट. पट्टी मीं तिच्या हातांत कधीं पाहिली नाहीं. थंडीच्या रात्रीं त्या वाकळीखालीं पडल्या पडल्या आम्ही मुलें तुकडे ओळखण्याचा खेळ खेळत असूं: हें आजोबांच्या कोटाचें अस्तर, हा आत्याचा परकर, ही मोठ्या दादाची शाळेची चड्डी. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आमच्या घरीं पाय पसरले कीं कोणाचें तरी जुनें वस्त्र पायांखालीं येई.

नमुने काढण्याचा नाद मात्र मला घरीं लागला नाहीं. तो लागला मिशनच्या कॉलेजांत. तेथील ग्रंथालयांत अमेरिकन वाकळींविषयींचें एक पुस्तक होतें. त्यांतील मेरी वेबस्टर या बाईंचें चरित्र मीं पुनःपुन्हां वाचलें. या बाई इंडियाना प्रांतांत मॅरियन या गांवीं राहात. वयाच्या पन्नाशीला येईपर्यंत त्यांनीं असें कांहीं केलेलें नव्हतें. १९११ सालीं त्यांच्या वाकळींचीं रंगीत चित्रें 'लेडीज होम जर्नल' या मासिकांत प्रसिद्ध झालीं, आणि नमुन्यांसाठीं ठिकठिकाणांहून पत्रें येऊं लागलीं. तेव्हां त्यांनीं घरांतूनच आराखडे व पातळ कागदावरील आकृति पाठविण्याचा व्यवसाय सुरू केला. १९१५ सालीं त्यांनीं वाकळींच्या इतिहासावर ग्रंथही लिहिला. एका गांवांत बसून काढलेली रेघ हजार कोसांवरच्या बाईच्या सुईला वाट दाखविते, ही कल्पना माझ्या तरुण मनाला फारच मोहक वाटली.

आणि त्यांत गणित होतें! एकच उदाहरण देतें. ज्यांस गणिताचा कंटाळा असेल त्यांनीं हा परिच्छेद खुशाल गाळावा. चार इंचांचा चौकोन कर्णावर दोन रंगांत विभागलेला हवा असेल, तर दोन काटकोन त्रिकोण जोडावे लागतात. प्रत्येक शिवणींत पाव इंच कापड आंत जातें. तर मग कापड किती मोठें कापावें? नवशिकी मुलगी दोन्ही बाजूंचे पाव-पाव इंच मिळवून साडेचार इंच सांगते आणि फसते. कारण त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाशीं शिवण अधिक कापड खाते. हिशेब केला तर पाव इंचाला '२ अधिक २ चें वर्गमूळ' यानें गुणावें लागतें. उत्तर सुमारें ०·८५ इंच येतें, आणि कापणाऱ्या बायका सोयीसाठीं तें सात अष्टमांश धरतात. आमच्या शिवणवर्गांतील बायकांना मीं हें वर्गमूळ कधीं सांगितलें नाहीं. पण नववीच्या मुलांना प्रत्येक वर्षीं सांगतें, आणि पायथागोरसाचा सिद्धांत वाकळींतही असतो हें पाहून तीं हसतात.

प्रवासाला निघालें म्हणजे माझ्याबरोबरचीं माणसें पुढें जातात आणि मी खालीं किंवा वर पाहात मागें राहातें. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत सारे जण भिंतीवरील पद्मपाणि पाहात होते; मी मात्र छताकडे मान वळवून उभी. तें छत चौकोनाचौकोनांत विभागलें असून कोठें कमळ, कोठें फळें, कोठें पांखरें, कोठें हत्ती, अशी त्याची रचना आहे. तें पाहून मला वाटलें, कोणी तरी एक अवाढव्य वाकळ डोक्यावर टांगून ठेवली आहे! विजापूरच्या इब्राहिम रोज्याच्या भिंतींवरील कोरीव आकृति उतरून घेतांना माझी एस्. टी. चुकली. गोव्यांत एका जुन्या घरीं मी गुडघे टेकून फरशीवरील नक्षी न्याहाळीत होतें, तों घरधनीण माझ्या कानांतलें कांहीं पडलें असें समजून केरसुणी घेऊन धांवत आली. मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावरून खालीं पाहावें तर ऊंस, हळद, द्राक्षें आणि नुकतीच नांगरलेली काळी माती यांचे तुकडे असे बेमालूम जोडलेले दिसतात कीं आपण कागद फाडून टाकावा.

पण प्रवासांत सुचलेलें सारेंच सुईला मानवत नाहीं. अजिंठ्याचें कमळ मीं मोठ्या हौसेनें उतरविलें. परंतु वाटोळ्या पाकळीसाठीं कापड तिरकें कापावें लागतें, आणि जुनें कापड तिरकें कापलें कीं तें रबरासारखें ओढलें जातें. बायकांनीं दोन महिने माझ्या कमळाशीं झटापट केली. शेवटीं मीं त्याच्या पाकळ्या सरळ रेघांत बसविल्या, तेव्हां तें कमळ राहिलें नाहीं, चांदणी झाली. ती चांदणी मात्र लोकांना आवडली. असें दोन-तीनदां झालें, आणि माझ्या कागदाविषयीं मला अभिमान वाटूं लागला.

२०१९ सालीं पुण्याच्या एका दुकानाकडून बारा वाकळींची मागणी आली. बाराही हुबेहूब सारख्या हव्या होत्या. मीं निळ्या-पांढऱ्या त्रिकोणांचा, रहाटासारखा फिरणारा नमुना काढला. तळाला जुनीं लुगडीं, वर शिंप्यांकडून आणलेलीं नवीं कातरणें. अकरा वाकळी कागदाप्रमाणें उतरल्या. बारावी आक्कांकडे होती.

आक्का आमच्या वर्गांतील सर्वांत वडील. त्या वेळीं सत्तरीच्या आसपास. कागद त्या उलटा धरीत, पण टांका असा कीं दाण्यासारखा. त्यांच्या वाकळींत सातव्या ओळींत, जेथें निळा त्रिकोण हवा तेथें, तांबड्या जुन्या जाड कापडाचा एक दुहेरी तुकडा दोन चौकोन व्यापून बसला होता. मीं चूक दाखविली. त्या म्हणाल्या, "असूं द्या बाई. तितं त्येच पायजे." कां पाहिजे हें मीं विचारलें नाहीं. अर्ध्या गुणासाठीं मुलांच्या वह्यांवर तांबडी रेघ ओढणारी मी. तो तांबडा तुकडा माझ्या डोळ्यांत सलत राहिला. सायंकाळीं आक्का गेल्यावर मीं एका मुलीकडून तो उसवून घेतला व त्या जागीं कोऱ्या निळ्या पॉपलिनचा त्रिकोण बसवून घेतला.

दुसऱ्या दिवशीं आक्का आल्या. त्यांनीं वाकळीवरून एकदां तळहात फिरविला. त्या बोलल्या कांहींच नाहींत. दिवसभर बसून त्यांनीं राहिलेलें काम पुरें केलें, सुई पुडींत खोंचून माझ्या हातीं दिली, आणि पुढच्या आठवड्यापासून त्या येईनाशा झाल्या. डोळ्यांना दिसत नाहीं, असा निरोप आला. मीं तो खरा मानला. कारण तो खरा मानणें मला सोयीचें होतें.

पुढें २०२० सालच्या फेब्रुवारींत दुकानाकडून एक वाकळ परत आली. दोनदां धुतली आणि फाटली, असें सोबतच्या चिठ्ठींत लिहिलें होतें. मीं ती अंथरली. फाटली होती ती नेमकी सातव्या ओळींत, त्या निळ्या त्रिकोणाच्या कडेनें. ती उजेडाकडे धरतांच सारें ध्यानांत आलें. लुगडें नेसणारी बसते त्या जागीं तें आधीं विरतें. तळाचें लुगडें तेथें चाळणीसारखें झालें होतें, आणि आक्कांच्या बोटांना तें कळलें होतें. म्हणून त्यांनीं तेथें जुनें, पाण्यांत आटून निबर झालेलें दुहेरी कापड घातलें होतें. मीं घातलेलें कोरें कापड धुतांना आटलें, आणि आटतां आटतां त्यानें विरलेलें लुगडें फाडून काढलें. कोऱ्या कापडाचें ठिगळ जुन्या वस्त्राला कोणी लावीत नाहीं, हा दाखला मत्तय, मार्क, लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. शाळेच्या प्रार्थनेंत तो मीं स्वतः कितीदां वाचून दाखविला असेल!

आक्कांकडे जावयास हवें होतें. पण मार्चांत टाळेबंदी आली. आणि टाळेबंदी उठली तरी माझी टाळाटाळ उठली नाहीं. ती वाकळ कपाटांत घडी घालून ठेवली.

२०२२ च्या दिवाळीच्या सुटींत मी मिरजेहून रेल्वेनें अळणावरास उतरून हल्याळकडे गेलें. उत्तर कन्नड जिल्ह्यांतील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. यांचे पूर्वज आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेले. गोव्यांतील पोर्तुगीजांच्या जाचांतून सुटून कित्येकांनीं या रानांचा आश्रय केला. त्यांच्यांत हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि तिन्ही घरच्या बायका 'कवंदी' नांवाची वाकळ शिवितात. त्यांची बोली कोंकणीच्या जवळची असल्यामुळें माझें मराठी आणि त्यांचें बोलणें यांचा अर्ध्या वाटेवर मेळ बसला.

एका ओसरीवर मी सारी दुपार बसलें. कवंदी घालणारी बाई मला थोरली असेल. तिनें तळाचें लुगडें पसरलें, एका कोपऱ्यापासून आरंभ केला, आणि तुकड्याची कड बोटानें आंत मुडपून थेट धांवदोरा घालीत ती कडेकडेनें चालली. टांचणी नाहीं, खडू नाहीं. एक फेरा पुरा झाला कीं आंतून दुसरा फेरा, असें करीत ती मध्याकडे येते. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांचीं लहान फुलें लावतात. त्यांवांचून कवंदी पुरी झाली असें मानीत नाहींत. मीं विचारलें, "मध्यें काय येणार?" ती हसून म्हणाली कीं, तेथें पोंचल्यावर दिसेल. पण माझें लक्ष दुसरीकडेच गुंतलें होतें. नवा तुकडा उचलण्यापूर्वीं ती दर वेळीं तळाच्या कापडावरून तळहात फिरवीत होती. हुबेहूब आक्कांसारखा.

अमेरिकेंत अलाबामा संस्थानांत गीज् बेंड म्हणून एक खेडें आहे. तेथील बायकाही गुलामांच्याच वंशांतल्या, आणि जुन्या कामाच्या कपड्यांतून वाकळी शिवणाऱ्या. २००६ सालीं त्यांच्या दहा वाकळींचीं चित्रें तेथील सरकारनें टपालाच्या तिकिटांवर छापलीं. ठरीव नमुना सोडून केलेल्या वाकळीला त्या 'माझी रीत' असें नांव देतात. हें मला पूर्वींच ठाऊक होतें, आणि वर्गांत मीं तें कौतुकानें सांगितलेंही होतें. माझ्याच वर्गांत कोणाची कांहीं रीत असेल हें मात्र मनांत आलें नव्हतें. त्या सहलीच्या वहींत मीं एकही नमुना उतरला नाहीं.

आतां मी आधीं कागद घेत नाहीं. प्रथम लुगडें अंथरतात, बायका त्यावरून हात फिरवून विरलेल्या जागांना खडूनें खुणा करतात. त्या खुणा मी चौकटींच्या कागदावर उतरून घेतें, आणि मग उरलेल्या जागेंत माझा नमुना बसवितें. त्यामुळें दोन वाकळी सारख्या होत नाहींत, आणि मोठ्या दुकानांच्या मागण्या कमी झाल्या आहेत. याचें मला वाईट वाटत नाहीं असें म्हटलें तर तें खोटें होईल. वर्गांतील कित्येक घरें त्या पैशावर अवलंबून होतीं.

हल्याळहून परतल्यावरही आक्कांचें दार गांठावयास मला दोन महिने लागले. ती फाटकी वाकळ पिशवींत घालून मी गेलें. आक्का उन्हांत बसल्या होत्या. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती; दुसरा पुरता गेला होता. मीं वाकळ त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनीं हात फिरविला, आणि बोट भोंकांतून आरपार गेलें.

"नवं व्हतं," त्या म्हणाल्या. "नवं आटतंय."

"आक्का, तो तुमचा तांबडा तुकडा मींच उसवून घेतला होता."

"ठावं हाय की. टांका पोरीचा व्हता, हुकूम तुमचा."

त्यांनीं उशाखालचें गांठोडें ओढलें, चांचपून एक जाडसर करड्या रंगाचें जुनेर काढलें, त्याची घडी घातली, आणि ती भोंकावर ठेवून चारी बाजूंनीं दाबून पाहिली. मग सुई आणि दोरा माझ्यापुढें धरून म्हणाल्या, "एवढं ओवून द्या. माझ्यानं न्हाई होत."

पहिल्यानें दोरा फिसकटला. मग तो मीं ओला केला, पिळला, आणि उजेडाकडे तोंड करून बसलें. तिसऱ्या खेपेस तो गेला.