खट्खटीचा माग

यंत्र बिघडले की ते आवाज करू लागते. पण त्या आवाजाकडे कान देण्याआधीच आपण हाती पाना घेतो आणि समोर दिसेल तो नट सोडू लागतो.

आमच्या धर्मग्रामातील दोन चुलत भावांनी गेल्या उन्हाळ्यात घरच्या घरी एक चिमुकली मोटारसायकल तयार केली. लोखंडी पाइपांची चौकट, भंगारातली लहान चाके आणि वाडीतल्या जुन्या पंपाचे चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. अशा बुटक्या गाड्यांची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी 98 सीसीची, घडी होणारी 'वेलबाइक' निघाली होती. 1961 साली होंडाने टोकियोच्या टामा टेक उद्यानासाठी मुलांची एक गाडी बनवली, तिचीच पुढे 'मंकी' झाली. आमच्या या गाडीची नोंदणी नव्हती, म्हणून सार्वजनिक रस्ता तिला वर्ज्य. ती केळीच्या वाडीतच फिरे.

महिनाभरात इंजिनातून खट्खट् ऐकू येऊ लागली. एका मेकॅनिकने उभ्या उभ्या सांगितले, "कनेक्टिंग रॉड गेला." रॉड जातो तो बहुधा तेलाअभावी, आणि तेल पाहण्याचे काम धाकट्याकडे. थोरल्याने त्याला साऱ्या घरादेखत बेपर्वा ठरवले. दोघांचे बोलणे बंद झाले. धाकटा आमच्याकडे आला तो गाडीसाठी नव्हे. "फादर, मी दर रविवारी तेल बघत होतो," एवढेच तो म्हणाला.

सेमिनरीत असताना विहिरीवरच्या इंजिनाची देखभाल आमच्याकडे असे. त्या जुन्या ओळखीवर आम्ही दोघांनाही बोलावून घेतले.

तेल काढून पाहिले. ते पुरेसे होते आणि त्यात धातूचा कीसही नव्हता. मग मागचे चाक खोक्यावर उचलून, इंजिन बंद ठेवून, हाताने फिरवले. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी चेन ताणली जाऊन कर्र वाजे. स्प्रॉकेट मध्यावर न बसता किंचित बाजूला वेल्ड झाले होते. वेल्डिंग थोरल्याचे. आम्ही काही बोललो नाही. क्लचचे दात 10, चाकाचे 60. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे सहा. चाकागणिक एकदा वाजणारी ही कर्रकर्र निराळी आणि ती घाईची खट्खट् निराळी.

इंजिन मंद चालू केले. हा क्लच वेग वाढल्यावरच पकड घेतो, त्यामुळे चाक आणि चेन दोन्ही स्तब्ध होती. खट्खट् मात्र होतीच. टॅपेटचा आवाज हलका, टिक्‌टिक् असा असतो. हा जड होता. झग्याची बाही वर सारून (फिरत्या भागांजवळ सैल बाही घातक) लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाशी धरली. टोक सिलिंडरला टेकवले तर आवाज क्षीण, क्लचजवळच्या बेअरिंगशी नेले तर स्पष्ट. इंजिन बंद करून प्लग काढला आणि पिस्टन वर आणून फ्लायव्हील किंचित मागेपुढे हलवले. पिस्टन तत्काळ सोबत हलत होता, मध्ये ढिलाई नव्हती. रॉड शाबूत होता.

शेवटी क्लच उतरवला. त्याच्या आतली खाच रुंदावली होती आणि शाफ्टवरची चावी कुरतडल्यासारखी झिजली होती. एकाच सिलिंडरचे इंजिन प्रत्येक स्फोटासरशी हिसका देते. त्या हिसक्याने ढिला क्लच शाफ्टवर आपटत होता, आणि असा आवाज रॉडच्या ठोक्यासारखाच भासतो. क्लचविना इंजिन सुरू केले. खट्खट् नाहीशी झाली.

थोरल्याने ती चावी तळहातावर घेऊन बराच वेळ निरखली. मग धाकट्याकडे न पाहताच म्हणाला, "तेरा नंबरचा पाना दे. स्प्रॉकेट पण काढायला लागेल."

धाकट्याने पाना दिला.