मोठ्या टँकमधली मोकळी जागा

खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणारे नवख्याला एक सल्ला हमखास देतात: घ्यायचा तर मोठाच घे, मोठा सांभाळायला सोपा जातो. ऐकणाऱ्याला तो उलटा वाटतो, पण त्यामागे साधा हिशेब आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँकमध्ये सुमारे ४५३ लिटर पाणी मावते. त्यात एखादा मासा दगडाआड मरून कुजला, तर त्याच्यातून सुटणारा अमोनिया ५० लिटरच्या टँकपेक्षा नऊपट पाण्यात विरतो. फूटभर खोल टँकच्या तुलनेत इथे दर लिटरमागे हवेला भिडलेला पृष्ठभाग निम्माच असतो, त्यामुळे वाफेने होणारा फरकही निम्मा होतो. हे महत्त्वाचे आहे, कारण वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी; लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम असलेले क्षार मागेच राहतात आणि उरलेले पाणी खारट होत जाते. दुपारच्या उन्हात पाणी तापायलाही वेळ लागतो. थोडक्यात, मोठे पाणी सावकाश बदलते आणि माणसाला सावरायला अवधी देते. सल्ला खरा आहे. पण तो अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा न सांगितल्यामुळे पुष्कळ टँक बुडतात असे माझे मत आहे.

उरलेला अर्धा असा: हा अवधी काचेच्या मापातून मिळत नाही, पाण्याच्या मानाने आत जीव कमी असतात म्हणून मिळतो. एका माशाला नऊपट पाणी दिले तर नऊपट उसंत मिळेल. पण नऊपट पाणी मिळाले म्हणून नऊ मासे सोडले, तर पैसे गेले, जागा गेली आणि आपण होतो तिथेच राहिलो. किंबहुना थोडे मागेच गेलो. खोल टँकमध्ये वाफ कमी होते त्याच कारणाने हवेतून प्राणवायूही कमी मिसळतो. पंप आणि पाणी घुसळणारा वेव्हमेकर चालू असेतोवर हे जाणवत नाही. रात्री दोन तास वीज गेली, की गच्च भरलेल्या खोल टँकमध्ये मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागतात. म्हणून मोठ्या टँकमध्ये आपण विकत घेतो ती मोकळी जागा. ती भरून टाकली की मोठेपणाला अर्थ उरत नाही.

ती भरण्याचा मोह मात्र जुना; माणसाच्या आयुष्यात माशांचा छंद टप्प्याटप्प्याने वाढत जातो. लहानपणी काचेच्या वाडग्यातला गोल्डफिश, पुढे गोड्या पाण्याचा दोन फुटी टँक, आणि नोकरी-घर स्थिरावल्यावर कधीतरी समुद्राची ओढ. तीनही टप्प्यांवर डोळा पहिला प्रश्न तोच विचारतो: यात किती मावतील? वाडग्यापुढे उभ्या असलेल्या मुलाने तो विचारावा हे स्वाभाविक आहे. चाळिशीतल्या माणसाने सॉल्ट मिक्स, स्किमर (फेसातून कचरा काढणारे यंत्र), सम्प (खालची जोडटाकी) आणि दिवे यांवर मोठी रक्कम घातल्यावर तो विचारावा, हेही स्वाभाविकच. एवढे सगळे करून दिवाणखान्यात रिकामे दगड कोण बघणार? टँक ‘सायकल’ व्हायला, म्हणजे अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू दगड-वाळूत पुरेसे रुजायला, चार ते सहा आठवडे लागतात. या आठवड्यांत दिसण्यासारखे काहीच घडत नाही. आणि जिवाणूही आत असलेल्या कचऱ्याच्या मानानेच वाढतात; पहिल्या दोन माशांना पुरलेली त्यांची वस्ती एका रात्रीत आलेल्या दहा माशांना पुरत नाही.

या छंदाचा इतिहासही मोकळ्या जागेचीच बाजू घेतो. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून मोजकी प्रवाळे लंडनला आणली आणि जगवली. पंप नव्हते, वीज नव्हती. घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राही, तेवढीच हवा. जीव थोडे होते म्हणून तेवढे पुरले. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ आले आणि घरोघरी समुद्र भरून ठेवण्याची लाट उसळली. त्या हौसेने किनाऱ्यावरचे खडकांमधले डोह ओरबाडले गेले, हे गॉस यांच्या मुलाने, एडमंडने, पुढे खेदाने लिहून ठेवले आहे. विसाव्या शतकात खरी वाट सापडली ती जकार्ताच्या ली चिन एंग यांना. १९६१ मध्ये त्यांनी मांडलेली पद्धत जिवंत खडक (जिवाणू रुजलेले समुद्री दगड), हवेचे बुडबुडे आणि मोजके जीव एवढ्यावर उभी होती. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी तिला स्किमर आणि प्रखर दिव्यांची जोड दिली. आजचा घरगुती रीफ टँक, म्हणजे प्रवाळ-खडकाचा टँक, त्याच घराण्यातला. या साऱ्यांत यंत्रे बदलत गेली, पण जिथे टँक टिकला तिथे जीव पाण्याच्या मानाने कमीच होते.

यावर जाणकाराचा आक्षेप ठरलेला आहे. प्रवाळ-खडक म्हणजेच दाटी. समुद्रात इंचभर जागा मोकळी नसते, मग विरळ टँकला रीफ कसे म्हणायचे? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात समुद्राचे पाणी विसरले जाते. खडकावरून दर क्षणी नवे पाणी वाहते. टँकमधले पाणी तेच ते फिरते. कठीण प्रवाळे सांगाडा बांधताना पाण्यातले कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (विरघळलेली कार्बोनेटे) दररोज उचलतात. भरगच्च टँकमध्ये अल्कलिनिटी दिवसाकाठी दोन-तीन डीकेएचने (हे तिचे माप) उतरू शकते. ती आठ असावी अशी व्यवस्था असेल आणि भरपाईचा पंप दोन दिवस बंद पडला, तर आकडा निम्म्यावर येतो आणि प्रवाळांच्या फांद्या टोकांपासून सोलू लागतात. टँक हजार लिटरचा असो वा शंभरचा, दाटी तीच असेल तर घसरणही तीच. शिवाय प्रवाळ हे फर्निचर नव्हे. बोटाएवढा फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा तोडलेला तुकडा, वर्षभरात काही सेंटिमीटर वाढतो, आणि शेजारी फार जवळ आला तर रात्री लांब डंखधारी शुंडके बाहेर काढून त्याला भाजतो. आज रिकामी दिसणारी जागा पाच वर्षांनंतरच्या प्रवाळाची असते. दाटी हवीच असेल तर ती प्रवाळांना स्वतः घडवू द्यावी. विकत आणून घडवू नये.

वजनाचा आणि विजेचा आक्षेपही आहे. वजनाचे उत्तर सरळ आहे. ४५३ लिटरचा टँक काच, दगड, सम्प धरून सहाशे किलोंच्या पुढे जातो आणि तो उभा राहतो आठ चौरस फुटांवर. आपल्याकडे घरांच्या जमिनीसाठी गृहीत धरला जाणारा भार चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो असतो. इथे तो चौपट होतो. म्हणून टँक खोलीच्या मध्यात नको, तुळईवर किंवा भार पेलणाऱ्या भिंतीलगत हवा, आणि एकदा इंजिनिअरला विचारायला हवे. विजेचे मात्र मनाला लागते. मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी २६ अंशांवर ठेवणारा चिलर अखंड वीज खातो, आणि त्याच सुमारास तापलेल्या समुद्रात लक्षद्वीपची प्रवाळे पांढरी पडतात, जशी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पडली. घरातला समुद्र थंड ठेवण्यासाठी बाहेरचा तापवायचा, हे मला पटत नाही. २८ अंशांत सुखाने राहणारे थोडे मासे आणि पाण्यावर वारा घालणारा पंखा, एवढ्यात भागत असेल तर भागवावे. विरळ टँकमध्ये ते भागते.

सर्वांत मोठा आक्षेप समुद्राच्या वतीने येतो: हे जीव आणायचेच कशाला? इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचा काळ्या पट्ट्यांचा चंदेरी कार्डिनल मासा १९९४ नंतर जगाच्या नजरेत आला आणि हौशी लोकांनी त्याला इतके उचलले, की २००७ मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. नर पिल्ले तोंडात सांभाळतो, पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत; त्यामुळे एक जागा रिकामी झाली की ती सहसा पुन्हा भरत नाही. तोच मासा टँकमध्ये सहज वितो. क्लाउनफिशही पैदास केंद्रांत वाढतो. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पद्धत बसवली आहे. उलट निळा टँग कैदेत पहिल्यांदा वाढला तो २०१६ मध्ये, आणि दुकानात दिसणारा टँग बहुधा समुद्रातूनच उचललेला असतो. शिवाय तो फूटभर वाढतो. थोडेच मासे ठेवायचे ठरले की प्रत्येकाचे मूळ विचारून घेणे शक्य होते. प्रवाळांचे तर आपल्या देशात उत्तर कायद्यानेच दिले आहे: कठीण प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ पाण्यात डोके घालून पाहावेत. तिथला तुकडा खिशात घालणे गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी ते वाईटच ठरले असते. फ्रॅगची कायदेशीर देवाणघेवाण जिथे चालते त्या जर्मनीत वा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाची गोष्ट वेगळी. मुंबई-पुण्यात मात्र मिठाच्या पाण्याचा मोठा टँक म्हणजे कृत्रिम दगड, त्यावर रुजलेले जिवाणू आणि पैदास केंद्रातून आलेली माशांची एखादी जोडी. काही जण याला अपुरा टँक म्हणतील. त्या जोडीला साडेचारशे लिटर पाणी मिळत असेल, तर मला तो पुरा वाटतो.

वयाचाही विचार करायला हवा. नीट सांभाळलेला क्लाउनफिश वीस वर्षांहून अधिक जगतो. पन्नाशीत आणलेली जोडी सत्तरीत सोबत असू शकते. दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हणजे पंधरा लिटरच्या तीन बादल्या, आणि त्या उचलणारी कंबर वीस वर्षे तशीच राहत नाही. भरगच्च टँकमध्ये एक पाळी चुकली तरी नायट्रेट चढतो. विरळ टँकमध्ये दोन चुकल्या तरी सहसा निभावते, आणि गावाला गेल्यावर शेजाऱ्याने चिमूटभर खाणे घातले तरी पुरते. आपल्यानंतरचेही पाहावे लागते. बर्लिनच्या त्या हौशी मंडळींपैकी डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टँकमधल्या अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाचे तुकडे युरोप-अमेरिकेतल्या अनेकांच्या टँकांत वाढले, कारण त्यांनी ते वाढू दिले आणि तोडून वाटले. माशांची जोडी अशी तोडून देता येत नाही. तिला पुढे कोण सांभाळील, याचे उत्तर टँक लावण्याआधी घरात बोलून ठेवावे. दोन मासे घ्यायला कोणीतरी तयार होते, वीस घ्यायला होत नाही.