घासलेल्या गिअरचं मूळ माप

घासलेल्या गिअरवरून हुबेहूब गिअर कापला, तर तो नवाकोरा असूनही घासलेलाच निघतो. प्रीमियर पद्मिनीचे गिअर घेऊन येणाऱ्या मालकांना हे समजावून सांगायचा मला कधी कंटाळा येत नाही. ड्रॉइंग कोणाकडेच नसतं; ते नमुन्यातूनच शोधून काढावं लागतं.

मी सुरुवात केसिंगपासून करतो. बेअरिंगचे बोअर सहसा फारसे झिजत नाहीत, त्यामुळे दोन शाफ्टमधलं अंतर भरवशाचं. दाते मोजता येतात. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट, म्हणून मॉड्यूल मिलिमीटरमध्ये. ब्रिटिश गाडी असली की इंचांतला डायमेट्रल पिच धरायचा. राहिला हेलिक्स अँगल. दात्यांच्या डोक्यांना ब्ल्यू लावायचा आणि गिअर पट्टीला टेकवून कोऱ्या कागदावरून सरळ लोळवायचा. तिरक्या निळ्या रेघा उमटतात. हा कोन दात्याच्या टोकाकडचा, पिच व्यासावरचा याहून थोडा कमी. तेवढा हिशोब करून शाफ्टच्या अंतराशी ताळा घ्यायचा. मूळ दात्याला करेक्शन दिलेलं असेल तर ताळा जमत नाही, मग पुन्हा वही उघडायची. जमला, की पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या त्या डिझायनरच्या मनात काय होतं ते कळतं. या धंद्यात मला याहून मोठं सुख नाही.

खरी परीक्षा भट्टीत. सुमारे ९२० अंशांवर कार्बन मुरवून तेलात बुडवलं की दात्याचा पृष्ठभाग ५८ ते ६२ रॉकवेल कडक होतो, पण गिअर थोडा वाकडा होतोच. हेलिक्स किंचित उलगडतो, बोअर आवळतो. किती, ते आधी काही नग भट्टीतून काढल्याशिवाय कळत नाही. कळल्यावर कापतानाच तेवढी सूट द्यायची. मोठ्या लॉटमध्ये हे परवडतं. इथे चाचणीचे नग आणि ऑर्डरचे नग जवळजवळ सारखेच. मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर पार्ट्सना रोजचं गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता उरलेत ते हौशी मालक.

सिंक्रोच्या पितळी रिंगा त्यामानाने सोप्या. आतल्या शंकूवरचे बारीक आटे धारदार हवेत, तेलाचा थर कापण्यासाठी. मात्र जीएल-५ तेलातली गंधकाची द्रव्यं पितळाला खाऊ शकतात, म्हणून जीएल-४ भरा असं मी बजावतो. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोच नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकला की दात्यांची टोकं उडतात.

एकटा गिअर मात्र मी बनवून देत नाही. जुन्या दात्याचा आकार बिघडलेला असतो, नव्याशी तो नीट लोळत नाही. गाडी रडते आणि नवा दाताही लवकर जातो. जोडी म्हटली की खर्च वाढतो, कारण त्या काळच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये काउंटर शाफ्टचे गिअर एकाच तुकड्यात, म्हणजे क्लस्टर म्हणून असतात. दोन गिअरमध्ये जागा इतकी कमी, की हॉब शेजारच्या दात्यांवर आपटेल. तिथे शेपरच लावावा लागतो, आणि तो सावकाश चालतो. आकडा ऐकून काही जण नमुना घेऊन परत जातात. जे थांबतात त्यांच्यासाठी आम्ही पूर्ण क्लस्टर बनवतो.