लखनौचा एक कागद

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. परेड आटोपून एन.सी.सी.ची मुले व्हरांड्यात बुटांचा चिखल खरवडत बसली होती. त्यांतले दोघेतिघे सी.डी.एस. परीक्षेच्या तयारीला लागलेले. त्यांना उत्तेजन यावे म्हणून मी लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांची हकीकत सांगितली. जन्म 1906 चा, कोल्हापूर संस्थानातील वडगावचा. सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी मुलांसाठी जेमतेम जागा असत, त्या काळी ते तेथे पोहोचले. 1926 साली अधिकारी झाले आणि पूर्व विभागाचे मुख्य सेनापती म्हणून 1961 साली निवृत्त झाले. सरसेनापती मात्र झाले नाहीत. वरिष्ठांना न रुचणारे मत त्यांनी कागदावर मांडले होते, हेही मी सांगितले.

खानापूरकडचा एक मुलगा मान वर न करताच म्हणाला, "सर, मग खरं लिहून त्यांना मिळालं काय?"

तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि मी सुटलो. घंटा नेहमीच इतक्या वेळेवर होत नाही!

थोरातांचे नाव मला पुस्तकातून कळले नाही, ते घरातून कळले. बेळगावात मराठा रेजिमेंटचे सेंटर असल्याने आमच्याकडे गल्लोगल्ली पेन्शनर. माझे वडील त्यांतलेच एक. 1953 साली कोरियातील युद्धकैद्यांची राखण करायला भारतीय फौज गेली, तीत ते वर्ष-दोन वर्षांच्या नोकरीचे शिपाई होते, आणि त्या फौजेचे सेनापती थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्यांना जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवले. "आगगाडीत दोनदा बसलो होतो, तिसऱ्यांदा एकदम हेलिकॉप्टर," असे बाबा सांगत.

मायदेशी परतायला तयार नसलेले बावीस हजारांवर कैदी आणि त्यांच्याभोवती सुमारे सहा हजार भारतीय जवान. कैदी दगड मारीत, रात्रंदिवस घोषणा देत. सप्टेंबरात त्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून धरले. थोरात मोजक्या लोकांनिशी, शस्त्र न घेता आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. बाबा त्या वेळी पार दुसऱ्या टोकाच्या कुंपणावर पहाऱ्याला होते. त्यांनी यातले काहीच पाहिले नव्हते, संध्याकाळी लंगरात ऐकले. पण सांगताना मात्र साहेबांच्या मागोमाग आपणच आत गेलो असे सांगत, आणि आम्हीही ते चालवून घेत असू.

मी पुढे थोरातांचे 1986 साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मचरित्र वाचले, तेव्हा कळले की कोरिया हा या माणसाच्या आयुष्यातला सोपा भाग होता. त्याआधी जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या टेकड्यांवर त्यांनी आपली पलटण जपान्यांवर घातली होती. त्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते: थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांनाही डी.एस.ओ. मिळाला. रणांगणावर शौर्य दाखवून माणूस मोठा होतो, हे आपण समजू शकतो. लखनौत टेबलाशी बसून त्यांनी जे केले, ते समजायला मला बराच काळ लागला.

1957 पासून पूर्व विभाग त्यांच्याकडे होता आणि कचेरी लखनौस होती. नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, त्यांच्याच कक्षेत. चीन चालून आला तर काय होईल, याचा हिशोब त्यांनी ऑक्टोबर 1959 मध्ये लेखी वर पाठवला. सारांश असा, की हाती असलेल्या फौजेने सीमेवरच्या चौक्या टिकणार नाहीत. चौक्यांनी फक्त इशारा द्यावा; खरी लढाई मागे, आपली रसद पोहोचेल आणि शत्रूची ताणली जाईल अशा ठिकाणी द्यावी. पुढे मार्च 1960 मध्ये 'लाल किल्ला' नावाचा युद्धाभ्यास करून त्यांनी हेच नकाशावर दाखवले. सरसेनापती थिमय्या त्याला हजर होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना मात्र ही भीती अनाठायी वाटली.

थिमय्यांनी आपल्यामागे थोरातांचे नाव सुचवले होते. नेमणूक झाली जनरल थापर यांची. थोरात मे 1961 मध्ये निवृत्त झाले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. 20 ऑक्टोबर 1962 रोजी हल्ला झाला. नामका चू नदीकाठी आपली ब्रिगेड सुती कपड्यांत, विमानातून पडेल त्या रसदीवर उभी होती. महिनाभरात से ला गेला, बोमडिला गेले. तेव्हा कोठे पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावून त्या कागदाविषयी विचारले. तोवर तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, असे थोरात लिहितात. हे पान लिहिताना त्यांनी विजयाचा सूर लावलेला नाही. आपले म्हणणे खरे ठरले याचा आनंद त्यांनी कसा मानावा? खरे ठरले ते माणसे मरून.

आता माझे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वसतिगृहाच्या पाहणी समितीवर मी होतो. पाण्याच्या टाकीच्या खांबांना तडे होते. मी ते मसुद्यात स्पष्ट लिहिले. समितीतील वडीलधारे म्हणाले, "अहो, इतकं कडक कशाला? 'किरकोळ डागडुजी' लिहा." मी लिहिले आणि खाली सही केली. टाकी पडली नाही. दोन वर्षांनी ती उतरवली. कोणाला काही झाले नाही. पण त्या दोन वर्षांत त्या रस्त्याने जाताना मी सायकलवरून वर पाहत नसे.

पुढच्या रविवारी परेडनंतर मी त्या खानापूरच्या मुलाला बोलावले. टाकीची गोष्ट सांगितली. त्याने सगळे ऐकले आणि विचारले,

"सही तुम्हीच केली, सर?"

"हो."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "सर, ते पुस्तक ग्रंथालयात मिळेल का?"

माझी प्रत घरी होती. दुसऱ्या दिवशी आणून दिली. अजून परत आलेली नाही.