बाजार आमटीतलं बादियान

बाजार आमटीच्या मसाल्यात बादियान पहिल्यांदा कुणी टाकलं असेल? करकंबच्या किराणा दुकानात सामान बांधून घेताना हा प्रश्न डोक्यात शिरला आणि मग निघेचना. धने, दगडफूल, तमालपत्र, लवंग, दालचिनी. दुकानदार यादीकडे न बघताच पुड्या बांधत होता. या गावात आमटीचा मसाला म्हटलं की किती माणसांचा एवढंच विचारतात, बाकी त्यांना पाठ असतं. आणि त्या सगळ्यात ती आठ पाकळ्यांची तपकिरी चांदणी.

बादियानाचं झाड दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी प्रांतातलं आणि त्याला लागून असलेल्या उत्तर व्हिएतनाममधलं. दमट डोंगरात वाढणारं. सोलापूरच्या उन्हात त्याचं रोप एक वैशाख काढणार नाही. म्हणजे हे फळ कुठल्या कुठल्या बंदरांतून, कुणाकुणाच्या गोण्यांतून भीमेच्या मुलखात आलं आणि तूर-मसूर-हरभऱ्याच्या डाळीत जाऊन बसलं. बाजाराच्या दिवशी शिजते म्हणून बाजार आमटी: चार-पाच डाळी एकत्र, भाजून वाटलेलं कांदा-खोबरं, वर लालभडक तर्री, आणि ताटात भाकरीचा काला. चमचा मागणारा माणूस पाहुणा समजावा. मला विचाराल तर ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. पण उरली तर.

आणि याच गावात ‘चायनीज’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो संध्याकाळी लागणारा गाडा. लाल अक्षरं, लाल भात, लाल चटणी. मंचुरियनचा जन्म मुंबईचा, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं-लसूण-मिरची परतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला, अशी त्याची कथा. मला मंचुरियन आवडतं, कोबीचं जरा जास्तच. त्याला नावं ठेवणाऱ्या लोकांशी माझं जमत नाही. पण गाड्यावरच्या त्या चायनीजमध्ये बादियान नसतं आणि आमच्या आमटीत असतं, ही गंमत एकदा लक्षात आल्यावर मी घरात जरा निराळ्या रीतीने चिनी स्वयंपाक करायला लागले. म्हणजे बाटल्या आणण्याआधी डबे उघडायचे. आपल्याकडे काय आहे ते आधी बघायचं.

पुष्कळ आहे. चिनी पंचमसाल्यात बादियान, बडीशेप, लवंग, दालचिनी आणि सिचुआनची मिरी अशी पाच नावं असतात. त्यांतली चार करकंबात उधारीवरसुद्धा मिळतात. पाचव्याची सोय सावंतवाडीच्या मैत्रिणीने केली. सिचुआनची मिरी ही मिरी नव्हेच. ती आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड म्हणावं इतकी जवळची. वनस्पतिशास्त्रात दोघांचं कुळ एक, लिंबाचं, आणि आतली शाखाही एकच. कोकणात बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालताना आतली काळी बी काढून टाकतात आणि टरफल तेवढं ठेवतात. सिचुआनमध्येही बी फेकतात, टरफल ठेवतात. जिभेला दोन्हीकडे सारख्याच मुंग्या येतात. तव्यावर कोरडी भाजून कुटली की घरभर वास, थोडा संत्र्याच्या सालीचा, थोडा ओल्या लाकडाचा. ती पूड, अख्ख्या लाल मिरच्या आणि मूठभर शेंगदाणे; एवढ्यावर पनीरसुद्धा परतता येतं. शेंगदाणे आणि मिरच्या सोलापूर जिल्ह्यात कुठून आणायच्या, हा काही प्रश्न नव्हे.

आमच्या घरात मुख्य अडचण सामानाची नाहीच. आत्या माळकरी आहेत. (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो.) त्यामुळे चहातली अंडी मागच्या पडवीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात होतात, एकादशीला तेही नाही. चहातली अंडी म्हणजे चीनमध्ये रस्त्यावरही मिळणारा आणि घरीही होणारा पदार्थ. अंडी आधी उकडायची. मग चमच्याच्या पाठीने हलके हलके ठोकून कवच तडकवायचं, पण काढायचं नाही. अशी तडकलेली अंडी चहा, मीठ, सोया सॉस, बादियान, दालचिनी घातलेल्या पाण्यात मंद आचेवर तासभर ठेवायची आणि रात्रभर त्यातच मुरू द्यायची. सकाळी कवच सोललं की पांढऱ्यावर तपकिरी रेषांची जाळी उमटलेली असते, प्रत्येक अंड्यावर निराळी. आपली रोजची चहा पावडर इथे कामाची नाही, कडू होतं. पानांचा चहाच लागतो आणि तो पंढरपुरातून आणावा लागतो. मुलं ती जाळी बघण्यासाठीच अंडी सोलतात, खातात कमी.

आत्यांसाठी मग बटाटा. उत्तर चीनमधल्या घराघरांत होणारी ही भाजी: बटाट्याचे आगपेटीतल्या काडीएवढे बारीक तुकडे, दोन-तीन पाण्यांनी धुऊन पिठूळपणा काढलेले, कडकडीत तेलात लाल मिरचीबरोबर परतायचे, वरून व्हिनेगर आणि मीठ, की लगेच उतरवायचे. बटाटा मऊ होता कामा नये. दाताखाली कुरकुरला पाहिजे. आत्यांनी एक घास घेतला, थांबल्या.

“अगं, कच्चंच ठिवलंस की बटाटं.”

“आत्या, ते लोक तसंच खातात.”

“मग चुलीवर तरी कशाला चढवलंस?”

आणि उठून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आल्या. चटणी भुरभुरल्यावर भाजी संपली. मी काही बोलले नाही. खरं तर चटणीबरोबर ती जास्त चांगली लागते.

पण आत्यांना मनापासून आवडली ती राळ्याची पेज. राळा आमच्याकडे भोगीला शिजतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी राळ्याचा भात, बाजरीची तिळाची भाकरी, लोणी आणि सगळ्या शेंगा-भाज्यांची एक भाजी. एरवी वर्षभर राळा कुणाला आठवत नाही. मधे २०२३ हे भरडधान्यांचं जागतिक वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा शहरात राळा चकचकीत पाकिटांतून आला आणि महाग झाला. त्याआधी पिंजऱ्यातल्या पाखरांचं खाद्य म्हणूनच तो जास्त खपायचा. उत्तर चीनमध्ये मात्र राळा हे मूळ अन्न. तिथल्या हबेई प्रांतात सिशान नावाच्या ठिकाणी सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या धान्याच्या पेवांत राळ्याचे अवशेष सापडले. तांदूळ दक्षिणेचा, राळा उत्तरेचा. तिकडे तो भरपूर पाण्यात, मीठसुद्धा न घालता, वर दाट साय धरेपर्यंत शिजवतात आणि खारवलेल्या भाजीबरोबर पितात. बाळंतिणीला त्यातच काळपट साखर घालून देतात. मी गूळ घातला.

आणि राळा म्हटला की मला डॉक्टर कोटणीस आठवतात.

सोलापुरात भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. १९३८च्या सप्टेंबरमध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले. पुढच्या वर्षी येनानला पोचले आणि तिथून कोटणीस थेट आघाडीमागच्या डोंगराळ मुलखात गेले. नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या डॉक्टरच्या नावाने चालवलेल्या रुग्णालयाचे ते १९४१ साली प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ला, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला, हबेईतच. शांतारामबापूंनी त्यांच्यावर १९४६ साली चित्रपट काढला, स्वतःच कोटणीस झाले आणि चिनी बायको जयश्रीबाईंनी केली. ही सगळी माहिती शाळेत असल्यापासून ऐकलेली. मला अलीकडे भलताच प्रश्न पडतो: हा सोलापूरचा माणूस तिथे चार वर्षं जेवला काय?

याचं उत्तर फारसं अवघड नाही. त्या मुलखाचं आणि तिथे लढणाऱ्या माओंच्या कम्युनिस्ट सैन्याचं रोजचं अन्न राळाच होतं. माओंनी १९४६ साली एका अमेरिकी बाईंना मुलाखत देताना आपल्याजवळ काय आहे ते सांगितलं, त्यातही राळा आणि बंदुका या दोनच गोष्टी होत्या. तेव्हा डॉक्टरसाहेबांच्या वाडग्यातही बहुधा तोच. सोलापुरात वाढलेल्या मुलाला भोगीचा राळा ठाऊक नसेल, हे मला पटत नाही. जे धान्य घरी वर्षातून एकदा, सणाला, लोण्याबरोबर पानात पडायचं, ते परमुलखात सकाळ-संध्याकाळ समोर आलं. पहिल्या दिवशी त्यांना वास ओळखीचा वाटला असेल का? राळा शिजताना एक विशिष्ट वास येतो, किंचित भाजल्यासारखा, गवताच्या जवळचा. भोगीच्या सकाळी तो आमच्या सगळ्या गल्लीत असतो. की उलट, रोजच्या त्या पेजेने भोगीचं अप्रूपच संपलं असेल? युद्धाच्या तशा दिवसांत राळासुद्धा पोटभर मिळत असेलच असं नाही. घरी पाठवलेल्या पत्रांत जेवणाचं कितीसं लिहिलं असेल? आईला पत्र लिहिताना माणूस जेवणाबद्दल बहुतेक खोटंच लिहितो.

तिथेच त्यांचं लग्न झालं, १९४१ साली, रुग्णालयात परिचारिकांना शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी. मुलगा झाला त्याचं नाव इनह्वा ठेवलं, भारत आणि चीन दोन्ही त्यात. बाळ चार महिन्यांचं व्हायच्या आत वडील गेले. कुओबाई पुढे सत्तर वर्षं जगल्या, २०१२ साली वारल्या. भारतातही येऊन गेल्या. सासरी त्यांच्या पानात काय वाढलं असेल, ही माझी आणखी एक रिकामटेकडी चौकशी. आपल्याकडचं तिखट सोसलं असेल का? कारण त्या होत्या शान्शी प्रांतातल्या फेनयांगच्या आणि शान्शीची माणसं तिखटाची नव्हेत, आंबटाची भोक्ती. तिथे जेवणाच्या टेबलावर मीठ नसलं तरी चालेल, व्हिनेगर पाहिजे.

आणि शान्शीचं ते जुनं, काळं व्हिनेगर होतं कशाचं? ज्वारीचं. फेनयांगची दारू प्रसिद्ध आहे, तीही ज्वारीची. हे वाचलं तेव्हा मी मंगळवेढ्याच्या मालदांडीच्या पोत्याकडे जरा निराळ्या नजरेने बघितलं. शतकानुशतकं आम्ही ज्वारीच्या भाकरी बडवल्या, आंबील केली, हुरडा खाल्ला, पण तिला पार आंबवून काळंभोर आंबट पाणी करावं हे कुणाला सुचलं नाही. किराणा दुकानात मिळतं ते पांढरं व्हिनेगर नुसतं झोंबतं. बटाट्याच्या भाजीला चालतं, पण त्याला चव अशी नाही. चिंचेचा कोळ थोडा पुढे जातो. काळ्या व्हिनेगरची सर कशालाच नाही, आणि ते मागवायचं तर पुण्या-मुंबईहून, भाकरीच्या पिठाच्या कित्येक पट भावाने.

म्हणून ते घरीच करावं असं घाटतंय. ज्वारी भिजवायची, वाफवायची, जवापासून आणि वाटाण्यापासून केलेलं विरजण त्यात कालवायचं, आधी दारू होऊ द्यायची आणि मग तिचं आंबट. (पहिली पायरी आत्यांच्या कानावर घालायची नाही.) त्यानंतरची गोष्ट म्हणजे मुरवण. शान्शीत ते रांजण वर्षभर आणि त्याहून जास्त उघड्यावर ठेवतात. उन्हाळ्यात उन्हाने पाणी उडतं. हिवाळ्यात वर बर्फ धरतो तो रोज काढून टाकतात, म्हणजे खाली राहतं ते आणखी दाट. निम्मं काम आमच्या गच्चीवर चैत्र-वैशाखात फुकट होईल, त्याची काळजी नाही. उरलेल्या निम्म्यासाठी आइस्क्रीमवाल्या ओळखीच्यांकडे फ्रीझरमध्ये एखादा कप्पा मिळतो का, ते विचारून ठेवलंय. ते म्हणाले, वास येणार नसेल तर बघू.