खर्जाची मैफल

द्वोर्झाकची नववी सिंफनी, 'फ्रॉम द न्यू वर्ल्ड', 1893 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. ती चाळीसेक मिनिटं चालते. त्या सबंध वेळात ट्यूबावादकाच्या वाट्याला येतात 14 स्वर. तेही सगळे दुसऱ्या भागात, लार्गोमध्ये. ट्रॉम्बोनच्या खालून, अतिशय हळू आणि जपून वाजवायचे. हे चौदा स्वर मला फार प्रिय आहेत, पण वर्षानुवर्षं श्वास कमावलेल्या माणसाचं तेवढ्यावर पोट भरत नाही. एकट्याने किंवा आपल्याच वाद्यांच्या सोबतीने वाजवायला काहीतरी हवं, ही भूक ट्यूबा आणि युफोनियमच्या वादकांना सतत लागलेली असते. आज आमच्याकडे जे संगीत आहे ते बहुतेक या भुकेतून आलेलं आहे. वादकाने मागितलं म्हणून ते लिहिलं गेलं.

व्हायोलिनच्या किंवा पियानोच्या विद्यार्थ्याला हे चटकन उमगत नाही. त्याच्यासाठी तीनशे वर्षांचा साठा तयार असतो. आमचं वाद्य मुळात उशिरा आलं. प्रशियाच्या लष्करी बँडांचा प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्ट आणि बर्लिनचा वाद्यनिर्माता मोरित्झ यांनी 1835 मध्ये बास-ट्यूबाचं पेटंट घेतलं, तोवर मोझार्ट, बेथोवन, शूबर्ट सगळे होऊन गेले होते. तो पहिला ट्यूबा आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी चारचा होता. युफोनियम 1840 च्या दशकातला. त्याची नळी सरळ केली तर साधारण 9 फूट भरते आणि एकही पिस्टन न दाबता त्यातून काळी पाचचे स्वर निघतात. बँडमध्ये दिसणारा मोठा ट्यूबा याच सुराचा, पण एक सप्तक खाली. त्याची नळी सुमारे 18 फुटांची. दोन्हींची नळी माउथपीसपासून भोंग्यापर्यंत रुंदावत जाते, म्हणून आवाज ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखा लखलखीत न होता गोल, भरीव येतो. युफोनियमचा पल्ला पुरुषी गळ्याचा. चेलोची जागा तीच त्याची जागा.

सिंफनी ऑर्केस्ट्रात युफोनियमला कायमची खुर्ची नाही. होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मध्ये मंगळाच्या वेळी ते टेनर ट्यूबा या नावाने येतं आणि जातं. ट्यूबाला खुर्ची आहे, पण काम पायाचं. अपवाद थोडे. त्यातला सर्वांत गाजलेला म्हणजे मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन'मधली पोलिश बैलगाडी, 'बीड्लो'. रावेलने 1922 मध्ये या पियानोच्या कृतीला ऑर्केस्ट्राचं रूप दिलं तेव्हा बैलगाडीची धून ट्यूबाला दिली. ती चढत चढत मध्य सप्तकातल्या काळी चारपर्यंत जाते. जर्मन वा अमेरिकन ट्यूबावादकाला तिथे घाम फुटतो, कारण रावेलच्या डोळ्यांपुढे होता फ्रान्समधला छोटा ट्यूबा, युफोनियमपेक्षाही एका स्वराने उंच. आज पुष्कळ ऑर्केस्ट्रांत ही बैलगाडी युफोनियमवर हाकली जाते. मला तेच योग्य वाटतं. मोठ्या ट्यूबावर ती वाजते खरी, पण ऐकणाऱ्याला ओझ्याने वाकलेले बैल दिसण्याऐवजी वादकाचे श्रम दिसतात.

मग आलं 1954. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राला 50 वर्षं होत होती आणि राल्फ वॉन विल्यम्सने, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांच्यासाठी ट्यूबाचा कन्चेर्टो लिहिला. 13 जूनला रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फिलिप कॅटेलिने या ट्यूबावादकाने तो बार्बिरोलींच्या संचालनाखाली वाजवला. एवढ्या नामवंत संगीतकाराने ट्यूबासाठी कन्चेर्टो लिहावा याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं. तीन भाग, जेमतेम तेरा मिनिटं. पहिल्या भागाची चाल दमदार, तिसरा जर्मन नाचाच्या गिरक्या घेणारा, दोन्हींच्या अखेरीला वादकाला एकट्याला सोडून दिलेली कडन्झा.

या कन्चेर्टोचा प्राण मधल्या 'रोमान्झा'त आहे. ट्यूबा गाऊ शकतो, आणि गाताना त्याला कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही, हे इथे पहिल्यांदा एका मोठ्या संगीतकाराने गंभीरपणे मानलं. तंतुवाद्यांच्या मऊ अंथरुणावर ट्यूबा लांब लांब ओळी म्हणतो. अवघड आहे तो श्वास. खालच्या सुरात हवा किती लागते याची कल्पना बाहेरून येत नाही. मोठ्याने वाजवलेला एक खोल स्वर काही सेकंदांत छाती रिकामी करतो. त्यामुळे ओळ कुठे तोडायची आणि श्वास घेतल्याचं ऐकणाऱ्याला जाणवू न देता पुढचा शब्द कसा उचलायचा, हीच रोमान्झाची खरी तालीम. पुष्कळ वादक दम पुरावा म्हणून लय वाढवतात. मला ते सहन होत नाही. श्वास जास्त घ्या, पण धावू नका. शिकागो सिंफनीत 1944 ते 1988 ट्यूबा वाजवणाऱ्या अर्नोल्ड जेकब्स यांचं सगळं शिकवणं याच मुद्द्याभोवती होतं: मनात आधी गाणं हवं, हवा त्याच्या मागून मुबलक वाहती हवी, स्नायूंची चिंता शेवटी.

पुढच्याच वर्षी, 1955 मध्ये, हिंडेमिथने बास-ट्यूबा आणि पियानोसाठी सोनाटा लिहिला. ऑर्केस्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक वाद्यासाठी सोनाटा लिहिण्याचा त्याचा नेम होता, त्या मालिकेतला हा अखेरचा. तो लोकांना लगेच आवडत नाही. सूर कोरडे वाटतात आणि पियानो साथीला बसत नाही, बरोबरीने बोलतो. माझ्या मते आमच्या साऱ्या साहित्यात विचाराने सर्वांत पक्की कृती हीच. मात्र तिला तोडीचा पियानोवादक हवा, आणि तो न मिळाल्यामुळे ती वाजते कमी.

इथून पुढे वादकच पुढाकार घेताना दिसतात. रॉजर बोबोने 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये एकल ट्यूबाची मैफल केली. त्याच्यासाठी विल्यम क्राफ्टने 1966 मध्ये 'एन्काउंटर्स टू' लिहिलं. त्यात वाजवता वाजवता वादकाने गळ्यातून दुसरा स्वर गायचा असतो, आणि दोन स्वरांच्या घर्षणातून तिसरे, चौथे स्वर उमटतात. पोलंडमध्ये झ्जिस्वाव्ह पियेर्निकसाठी पेंडेरेत्स्कीने 1980 मध्ये एकट्या ट्यूबाचं 'काप्रिचो' लिहिलं. साथीला कुणी नाही, तरी ऐकताना दोन पात्रं भांडत असल्याचा भास होतो. इंग्लंडात एडवर्ड ग्रेगसनने 1976 मध्ये ब्रास बँडच्या साथीने वाजणारा कन्चेर्टो जॉन फ्लेचरसाठी लिहिला आणि त्यात वॉन विल्यम्सला ओझरता नमस्कार केला.

या सगळ्यांत मला हार्वी फिलिप्स सर्वांत मोठे वाटतात. तरुणपणी ते सर्कशीच्या बँडमध्ये वाजवत, पुढे इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. मित्राला गळ घालावी तशी ते संगीतकारांना गळ घालत. अलेक वाइल्डर यांनी 1959 मध्ये त्यांच्यासाठी सोनाटा लिहिला, पर्सिकेट्टी यांनी एकट्या ट्यूबाचं 'सेरेनेड' लिहिलं, आणि असं करत करत त्यांच्या मागणीवरून लिहिल्या गेलेल्या कृतींची संख्या 200 च्या वर गेली. 1974 च्या डिसेंबरात त्यांनी आपले गुरू विल्यम बेल यांच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्लाझामध्ये सुमारे 300 ट्यूबा-युफोनियमवादक गोळा केले. बेल यांचा जन्म 25 डिसेंबरचा, म्हणून नाताळची गीतं. त्यांची मांडणी वाइल्डर यांनी करून दिली होती. तो उपक्रम आता अनेक शहरांत दरवर्षी होतो. शाळकरी मुलं आणि ऐंशी वर्षांचे आजोबा शेजारी शेजारी बसून वाजवतात. ही गीतं सोपी आहेत म्हणून त्यांना कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही. प्रत्येक वाद्याकडे असं काहीतरी हवंच, जे कुणालाही त्याच दिवशी वाजवता येईल.

युफोनियमची वाट वेगळी. त्याचा उगम बँडमध्ये आणि ऑपेराच्या गाण्यांत. 'ला जोकोन्दा' या ऑपेरामुळे नाव झालेल्या पोंकियेल्लीने त्याआधी, 1872 मध्ये, क्रेमोनाच्या नगर-बँडसाठी 'फ्लिकोर्नो बास्सो'चा कन्चेर्टो लिहिला. युफोनियमच्याच कुळातलं हे वाद्य. एखाद्या गायकाने पद म्हणावं तशी धून, मग तिच्यावर अधिकाधिक वेगवान होत जाणारे आविष्कार. पुढची कित्येक दशकं युफोनियमचं एकल वादन याच साच्यात राहिलं. सूझाच्या बँडमधल्या सिमोने मान्तियाने त्यात कमाल केली. बोटं आणि जीभ तयार व्हायला असं संगीत उत्तमच, मीही शिकवतो. पण स्पर्धांमधून एकामागून एक 'कार्निव्हल ऑफ व्हेनिस' ऐकताना वाटतं, मध्यलयीत नुसती धून किती जणांना म्हणता येते ते आधी ऐकावं. म्हणूनच मला जोसेफ होरोविट्झचा 1972 चा कन्चेर्टो जवळचा. होरोविट्झ व्हिएन्नाचा, 1938 मध्ये इंग्लंडला आलेला. या कन्चेर्टोच्या मधल्या संथ भागात युफोनियमला काहीही सिद्ध करायचं नाही. त्यानंतर जपानमध्ये यासुहिदे इतो, इंग्लंडमध्ये फिलिप विल्बी अशा अनेकांनी लिहिलं, आणि आता चांगल्या युफोनियमवादकाला कार्यक्रम भरायला अडचण पडत नाही.

समूहवादनाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे त्याची कल्पना फारच कमी आहे. दोन युफोनियम आणि दोन ट्यूबा ही आमची चौकडी. अमेरिकेत टेनेसी टेक विद्यापीठात विन्स्टन मॉरिस यांनी 1967 पासून याच दोन वाद्यांचा मोठा संच बांधला आणि कार्नेगी हॉलपर्यंत नेला. गुंथर शुलरने 1973 मध्ये चार ट्यूबांसाठी 'फाइव्ह मूड्स' लिहिलं. जॉन स्टीव्हन्स यांच्या 'पॉवर' आणि 'बेनेडिक्शन' या कृती तर चौकडी बसवणाऱ्या प्रत्येकाच्या हातून जातात. पहिली ठेक्यावर उसळणारी, दुसरी प्रार्थनेसारखी संथ. वाजवायची असेल तर दुसरी आधी घ्या. सूर जुळलेत की नाही हे तिथे लपत नाही.

चार खर्जाची वाद्यं एकत्र लिहिणं सोपं नाही. मंद्र सप्तकात षड्ज आणि गंधार शेजारी ठेवले की त्यांचे उपस्वर एकमेकांवर आदळून नुसती घरघर ऐकू येते. हेच दोन स्वर एक सप्तक वर स्वच्छ लागतात. म्हणून जाणता संगीतकार खालच्या दोन ट्यूबांमध्ये सप्तकाचं किंवा पंचमाचं अंतर ठेवतो आणि गंधार वरच्या युफोनियमकडे देतो. आपल्या तानपुऱ्याची तार याच जाणिवेने लागते: खाली खर्ज, वर जोडी आणि पंचम, आणि गंधार कुणी छेडत नाही, तो खर्जातून आपोआप वर येतो. चार ट्यूबा खरोखर सुरात आले की असेच न वाजवलेले स्वर खोलीत ऐकू येतात. व्हायोलिनसाठी लिहिलेलं संगीत जसंच्या तसं खाली उतरवून आमच्या हाती देणारे मांडणीकार हे विसरतात, आणि मग श्रोत्यांना वाटतं की वाद्यच घोगरं आहे.

महाराष्ट्रात युफोनियम परकं नाही. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात किंवा दरबार बँड पुढे सरकत असतो तेव्हा क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या खालून तीच धून भरदार करणारं वाद्य युफोनियमच असतं. गाण्याचा मुखडा ट्रम्पेटने घेतला की मधल्या जागा ते भरतं. हे वादक शेकडो गाणी कागदाशिवाय वाजवतात, उन्हात, चालत, तासन् तास. त्यांच्या ओठांची ताकद आणि स्मरणशक्ती मला थक्क करते. मात्र त्यांना बसून, शांतपणे, एकट्याने वाजवावं असं काही कुणी दिलेलं नाही. लष्करी बँडमधून आलेल्यांना स्वरलिपी वाचता येते, पण त्यांच्यापाशी असतं ते बहुतेक इंग्रजी वळणाचं.

आपल्या संगीतकारांनी या वाद्यासाठी लिहावं असं मला फार वाटतं, आणि लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल ते इथे सांगून ठेवतो. काळी पाच किंवा पांढरी चार हा षड्ज धरला तर युफोनियम सर्वांत मोकळं बोलतं. पिस्टनमुळे लांब मींड ट्रॉम्बोनसारखी सलग येत नाही, पण एका स्वरापुरती मींड ओठांनी घेता येते, कण आणि आंदोलन तर छानच. तेव्हा ज्या रागाचा जीव लांब मींडेत आहे तो टाळावा. भूप, दुर्गा, सारंग असे मोकळ्या अंतराचे राग घ्यावेत. अभंगाची चाल युफोनियमच्या अंगाला नेमकी बसते, कारण तिच्यात ओळीओळीला श्वासाची जागा असते. ट्यूबाला केवळ धरलेला षड्ज देऊ नये, त्याला मृदंगाच्या बोलांसारखे छोटे, सुटे स्वर द्यावेत. तो ते फार चांगले वाजवतो. चौकडीसाठी लिहायचं तर गंधाराबद्दल वर सांगितलंच आहे. कृती पाच मिनिटांहून मोठी नको, पहिल्या वेळी तरी. आणि लिहून झाल्यावर ती कॉलेजच्या मुलांआधी बँडवाल्यांकडे न्यावी. लग्नसराई संपल्यावर, पावसाळ्यात, त्यांना तालमीला वेळ असतो.